हार्बरपर्यंतची गाडी

कोकण रेल्वे यायच्या आधी गोव्यात एकच रेल्वे होती, आणि तिचं टोक आमच्या सड्याच्या, म्हणजे वास्कोच्या पुढच्या पठारावरच्या आमच्या वस्तीच्या, खाली होतं. कॅसलरॉकहून घाट उतरून कुळे, सावर्डे, मडगाव, कासावली करत आलेली गाडी वास्कोला थांबायची आणि मग आणखी तीनेक किलोमीटर पुढे, थेट बंदराच्या धक्क्यापाशी जाऊन उभी राहायची. मुरगाव हार्बर. रूळ अजून आहेत, त्यांच्यावरून मालगाड्या जातात-येतात. मीटर गेजच्या काळातच कधीतरी तिथली प्रवासी वाहतूक आटली. पुढे ब्रॉडगेज झालं तरी ती परत आली नाही. वास्कोच्या पुढेही माणसं रेल्वेनं जायची, हे आता आमच्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं.

सध्या सड्यावर एक अर्ज फिरतोय. मुरगाव हार्बर स्थानक प्रवाशांसाठी पुन्हा उघडावं, सकाळ-संध्याकाळची लोकल तिथून सुटावी, अशी मागणी. अर्ज घेऊन दारोदार फिरणारे शेजारचे काका बंदरातून निवृत्त झालेले. आमच्याकडे चहा घेतला, कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तू रोज मडगावला जातेस. तुझी सही पयली जाय गो." मी कागद ठेवून घेतला. वाचून देते म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. एका पानाच्या अर्जात वाचायचं काय असतं?

पण आहे वाचायचं. म्हणजे कागदात कमी आणि कागदाच्या मागे जास्त.

हा मार्ग माणसांसाठी बांधलाच नव्हता, इथून सुरुवात करावी लागते. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले, आणि मुरगावला बंदर व तिथून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे करायचं ठरलं. मिठागरांवर जगणाऱ्यांच्या पोटावर पाय आला तो आला. १८८७ मध्ये गाडी सावर्ड्यापर्यंत धावली, १८८८ मध्ये घाटातून वर कॅसलरॉकपर्यंत पोचली. दख्खनचा कापूस आणि धान्य मुंबईला न जाता मुरगावला येईल, असा हिशेब होता. कापसानं काही तो हिशेब वाचला नव्हता. तो मुंबईलाच जात राहिला. कंपनीला व्याजाची सरकारी हमी होती, म्हणून ती तगली. १९०२ मध्ये गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. पोर्तुगीज हद्दीत मराठा नावाची रेल्वे! या योगायोगावर आमच्या वडिलांनी आयुष्यभर विनोद केले. तसं मुरगावचं नशीबच असं. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीनं धास्तावलेल्या पोर्तुगीजांनी राजधानी इथे हलवायचा घाट घातला होता, तोही तडीला गेला नाही. काहीतरी मोठं होणार म्हणून या टोकाकडे बघायचं आणि ते व्हायचं नाही, ही आमच्या गावाची जुनी सवय आहे.

माल आला तो फार पुढे, दुसऱ्या महायुद्धानंतर, मँगनीज आणि लोहखनिजाच्या रूपानं. तोवर रुळांवर गाड्या होत्या आणि गाड्यांमध्ये जागा होती, म्हणून माणसं बसू लागली. पूर्व आफ्रिकेला जाणारी बोट गाठायला ट्रंका घेऊन हार्बरला उतरणारे लोक वडिलांनी लहानपणी पाहिले होते. १९४३ च्या ऑक्टोबरात याच धक्क्यावर 'तेइया मारू' आणि 'ग्रिप्सहोम' ही दोन जहाजं येऊन लागली आणि जपान व अमेरिका यांनी एकमेकांचे अडकून पडलेले नागरिक अदलाबदल करून घेतले. युद्धात तटस्थ असलेलं हे बंदर त्या कामासाठी सोयीचं होतं. १९५५ मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा हद्दीपलीकडे जाणारी गाडी थांबली, ती मुक्तीनंतर सुरू झाली. म्हणजे बंद पडणं आणि पुन्हा सुरू होणं या मार्गाला नवं नाही. मात्र दर वेळी ते बंदराच्या, सरकारांच्या, तहांच्या कारणानं झालं. सड्यावरच्या कुणाला कामावर जायचंय म्हणून या रुळांवर काही घडलं, असं मला तरी आठवत नाही.

मी स्वतः कुळे लोकलची पोरगी. कॉलेज मडगावला आणि नंतर नोकरीही मडगावलाच. सड्यावरून मिनीबसनं वास्को, वास्कोहून लोकल. ती गाडी धावायची बेताची आणि थांबायची मनापासून. पण आत जे जग असायचं ते बसमध्ये कधी भेटलं नाही. कुडचड्याकडून भाजीच्या पाट्या घेऊन आलेल्या बायका परतीच्या गाडीत पाय पसरून बसायच्या आणि दिवसभराचा हिशेब एकमेकींना तोंडी सांगायच्या. त्यात भावाबरोबर गिऱ्हाइकाच्या स्वभावाचीही नोंद असे. चांदरहून चढणारी दोन पोरं रोज पत्ते खेळत आणि रोज भांडत. सहा जानेवारीला कासावलीला तीन राजांचं फेस्त. त्या दिवशी गाडी अर्धी तिथेच रिकामी व्हायची, नवे कपडे घातलेली सगळी माणसं टेकडीच्या दिशेनं चालू लागायची. श्रावणात वास्कोला दामोदराचा सप्ताह. चोवीस तास अखंड भजन, आणि त्यासाठी आतल्या गावांतून येणारी भजनी मंडळं पखवाज मांडीवर घेऊन बसलेली. सुरावलीपर्यंत गप्पा, माजोर्डा आलं की टाळ बाहेर. दाबोळीला चढणारा माणूस चढल्या चढल्या टाळ्यांचा ठेका धरायचा, तिकीट काढलंय की नाही हे कुणी विचारायचं नाही.

हे सगळं सांगताना मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची. अर्जाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक माणूस शेवटी इथेच येऊन ठेपतो. पखवाज, पाट्या, फेस्त. रेल्वेच्या आठवणी सुंदर असतात म्हणून स्थानक उघडा, असं म्हणून कुठलंही स्थानक उघडत नाही. उघडलंच तर टिकत नाही.

लोकल पकडणाऱ्याचं गणित अगदी रुक्ष असतं. गाडी चुकली तर पुढची केव्हा? मुंबईकर गाडी चुकली म्हणून हळहळत नाही, कारण पुढची चार मिनिटांत असते. वास्कोला गाडी चुकली की माणूस सरळ बसस्टँडवर जातो, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा स्टेशनकडे फिरकतच नाही. तिथे कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, शटल बसचं तिकीट खिडकीवर काढायचं, रांगेत उभं राहायचं, एक भरली की दुसरी लागते. ही शटल गोव्याच्या नोकरदारांची खरी लोकल आहे. तिला रूळ नाहीत एवढंच.

२०२० च्या मार्चमध्ये देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. लांबच्या गाड्या परतल्या, आखूड पल्ल्याच्या मात्र रेंगाळल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या नावापुढे 'स्पेशल' लागलं होतं आणि कमीत कमी भाडं दहा रुपयांचं तीस झालं होतं. दाबोळीहून वास्कोला जाणाऱ्याला तीस रुपये! ते पुन्हा दहावर आलं २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात किती तरी घरांत स्कूटर आली. ज्या घरात स्कूटर आली त्या घरातला प्रवासी रेल्वेनं कायमचा गमावला, कारण स्कूटरचा हप्ता भरणारा माणूस पुन्हा पासासाठी रांगेत उभा राहत नाही. मग अहवालात येतं: प्रवासी संख्या घटलेली आहे.

स्थानकं अशीच मरतात. लंडनमध्ये ऑल्डविच नावाचं भुयारी स्थानक होतं. शहराच्या ऐन मध्यात. १९६२ पासून तिथे फक्त गर्दीच्या वेळी गाडी सोडू लागले. साहजिकच लोकांनी ते सोडलं. शेवटी दिवसाला साडेचारशेच्या आसपास माणसं उरली. १९९४ मध्ये लिफ्ट जुनी झाली, ती बदलायचा खर्च तीस लाख पौंड निघाला, आणि ३० सप्टेंबरला स्थानक बंद झालं. निमित्त लिफ्टचं झालं. खरा निकाल बत्तीस वर्षं आधी, वेळापत्रकातच लागला होता.

जवळचं उदाहरण हवं असेल तर कुलाबा. आज मुंबईत किती जणांना माहीत असेल की पश्चिम रेल्वेचं टोक एके काळी चर्चगेटला नव्हतं, कुलाब्याला होतं? ३१ डिसेंबर १९३० ला ते बंद झालं. त्या जमिनीवर आज बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. कुलाबा पुन्हा उघडा म्हणून कुणी अर्ज फिरवत नाही, कारण चर्चगेटला दर दोन-तीन मिनिटांनी गाडी आहे आणि तिथून पुढे बस, टॅक्सी, पाय. आणि याच मुंबईत २०१६ च्या डिसेंबरात जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये राम मंदिर स्थानक नव्यानं उघडलं. दोन स्थानकांत आधीच अंतर थोडं, तरी ते चाललं. गाड्या होत्याच, फक्त त्यांना थांबायला जागा दिली.

आमचं हार्बर कुलाब्यासारखं आहे की राम मंदिरासारखं? अर्ज वाचताना मला हाच प्रश्न पडला. उत्तर असं की ते दोन्हीसारखं नाही. कुलाबा बंद केलं तेव्हा मागे चर्चगेट भक्कम होतं. आमचं चर्चगेट, म्हणजे वास्को, स्वतःच दिवसाचा बराच वेळ रिकामं बसलेलं असतं.

वास्कोचं स्थानक तसं नशीबवान आहे. शहराच्या मध्यावर. बाजार, बसस्टँड, टिळक मैदान, सगळं चालत. गोव्यात ही चैन दुर्मीळ. मडगावला उतरलात की कदंबच्या स्टँडपर्यंत जायला पायलट करावा लागतो. मोटरसायकलच्या मागे बॅग मांडीवर घेऊन बसण्याचा तो अर्धा रोमांचक, अर्धा महागडा प्रकार. म्हापशाला जायचं तर थिवीला उतरा. पणजी तर राजधानी असून तिला रेल्वेच नाही, करमळीला उतरायचं आणि जुन्या गोव्यावरून दहा-बारा किलोमीटर जायचं. कोकण रेल्वेच्या मार्गावरून नव्वदच्या दशकात गोव्यात एवढं रण माजलं की केंद्रानं ओझा आयोग नेमला, काम काही काळ थांबलं. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला मार्ग राष्ट्राला अर्पण झाला आणि मुंबई एका रात्रीवर आली. त्याआधी मिरजेला गाडी बदलून प्रवास केलेल्यांना याची किंमत विचारा. पण मुंबई जवळ आली तशी पणजी जवळ आली नाही. सड्यावरून निघणाऱ्या माणसांतली बरीचशी जातात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, नाही तर पणजीला. वेर्ण्याला स्थानक आहे, पण ते कोकण रेल्वेच्या फाट्यावर. वास्कोहून माजोर्ड्यापर्यंत जाऊन उलटं फिरावं लागतं. शहाणा माणूस बस पकडतो.

आणि मध्येच ती स्कायबस. मडगावच्या लोकांना आठवत असेल. खांबांवरून लोंबकळत जाणारी गाडी, कोकण रेल्वेनं दीडेक किलोमीटरचा प्रायोगिक मार्गही उभा केला होता. २००४ च्या सप्टेंबरात चाचणीच्या वेळी अपघात झाला, एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे सगळं गुंडाळलं. मी तेव्हा त्या खांबांखालून जायची आणि मनात यायचं, वर लटकणारी गाडी करायची हौस आहे, खाली आहेत त्या रुळांवर तासाला एक गाडी सोडायची का नाही?

असो. या सगळ्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि अर्जात तिचा एका शब्दानं उल्लेख नाही. कोळसा.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, खनिजावर चालणारं बंदर याच रुळांवरून घाटापलीकडे जाणाऱ्या कोळशावर आणखी रेललं. त्याच सुमारास मार्ग दुहेरी करायचं काम पुढे सरकू लागलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये बंदराच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावणी झाली, ती दिवसचे दिवस चालली. लोक रात्री उशिरापर्यंत बोलायला रांगेत. शेतकरी, मासेमार, डॉक्टर, शाळेतली मुलं. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री दुहेरीकरणाविरोधात चांदरच्या फाटकावर हजारो माणसं जमली आणि पहाटेपर्यंत रुळांवर बसून राहिली. कित्येकांवर नंतर गुन्हे नोंदले गेले. ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाकडून मिळालेली मान्यता रद्द केली. अभयारण्यातून दुसरा रूळ टाकण्याची गरज पटवून देता आलेली नाही, असा त्याचा अर्थ. खालच्या भागातलं काही काम मात्र होत राहिलं.

आता बघा गंमत. रेल्वेचं म्हणणं कायम असं होतं की दुसरा रूळ प्रवाशांसाठीही आहे. एकेरी मार्गावर गाडीला समोरून येणारी गाडी जाईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे जास्त लोकल सोडता येत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या हे खोटं नाही. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, आणि समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देऊ शकतात अशी स्थानकं मोजकी. मालगाडी लांब आणि जड. ती चढावर रेंगाळली की मागचं सगळं वेळापत्रक रेंगाळतं. मग आम्ही सड्यावरून अर्ज पाठवला की आम्हाला लोकल हवी, तर त्याचा उपयोग कोण कसा करील? "स्थानिकांचीच मागणी आहे, म्हणून दुसरा रूळ." चांदर, कासावली, वेळसांवच्या लोकांनी रात्र रात्र जागून जे अडवलं, त्याच्या फायलीला आमच्या सह्यांचा कागद जोडला जाईल. वेळसांवात माझी मैत्रीण राहते. घराच्या मागच्या दाराशी रूळ. तिला मी काय सांगू, मला मडगावला जायला सोपं पडावं म्हणून तुझ्या अंगणाजवळ आणखी एक?

काका यावर उखडतात. बंदराच्या पगारावर त्यांची मुलं शिकली, माझंही शिक्षण त्याच पगारावर झालं, कोळशाला शिव्या देणाऱ्यांनी सड्यावर येऊन घर चालवून दाखवावं, वगैरे. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. उलट त्यांचा एक मुद्दा मला फार विचार करायला लावतो. ते म्हणतात, रुळांवर जो धावतो त्याचे रूळ. आम्ही माणसांनी गाड्या मागायचं सोडलं म्हणून मालगाड्यांचं फावलं. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळा लोकलसाठी राखून ठेवा म्हणा, मग बघू कोळशाच्या गाड्या केव्हा जातात ते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गर्दीच्या वेळी माणसांच्या गाड्यांना पहिला मान असतोच की.

हे मला पटतं. पण हे पटलं म्हणून हार्बर पटत नाही, आणि इथे आमचं बिनसतं.

हार्बरचं स्थानक कुठे आहे ते एकदा नीट बघावं. खाली, धक्क्यालगत. बंदराचा भाग म्हणजे आज कुंपण, गेट, पास, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. पूर्वी बोटीची ट्रंक घेऊन कुणीही आत जायचा; आता भाजीची पिशवी घेऊन रोज त्या भागात शिरायचं तर आधी वेगळी वाट, वेगळं कुंपण हवं. प्लॅटफॉर्म नव्या मापाचा हवा. उंच प्लॅटफॉर्म म्हणजे रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर, नाही तर म्हाताऱ्यांनी डब्यात चढायचं कसं? आणि वस्ती कुठे आहे? वर. सडा म्हणजे पठार. बोगदा नावाच्या वस्तीकडून, सड्याकडून खाली उतरायचं, तीन किलोमीटर गाडीत बसायचं आणि वास्कोला पोचायचं. तेवढ्या वेळात मिनीबस दारातून उचलून वास्कोला सोडते, वर ओरडून ओरडून आमंत्रणही देते. बंदरात पूर्वी हजारो हात लागायचे, तेव्हा गाडी भरून माणसं हार्बरला येत असतील. आता यंत्रं आहेत. सकाळी हार्बरला उतरणार कोण?

अर्जात लिहिलंय की स्थानक उघडलं तर पर्यटकही येतील. गोव्यात कुठलाही अर्ज पर्यटकांशिवाय पूर्ण होत नाही, हे मला माहीत आहे. पण पर्यटकांसाठी गाडी मागायची आणि तिच्यात आपण बसायची आशा धरायची, हा मार्ग दूधसागरला जाऊन बघावा. तिथे रूळ आहेत, स्थानक आहे, जगातलं देखणं दृश्य आहे, आणि २०२३ च्या जुलैत रुळांवरून चालत गेलेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले.

बंद पडलेली रेल्वे पुन्हा चालू शकते, याबद्दल मला शंका नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गहून दक्षिणेला जाणारा एक मार्ग १९६९ मध्ये बंद केला होता. लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि ६ सप्टेंबर २०१५ ला त्यातला ट्वीडबँकपर्यंतचा तुकडा पुन्हा सुरू झाला. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. तिथे पहिल्या दिवसापासून दिवसाच्या बहुतेक वेळात अर्ध्या तासाला गाडी होती. कुणी असं म्हटलं नाही की आधी फलक रंगवू, फीत कापू, मग दिवसाला दोन गाड्या देऊन बघू लोक येतात का.

आपल्याकडे नेमकं तेच होईल, हे मी डोळे मिटून सांगते. कुणीतरी पुढारी हार लावलेल्या इंजिनासमोर हिरवा झेंडा दाखवील, फोटो छापून येईल. दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी गाडी. पावसाळ्यात तीही उशिरा. वर्षभरानं आकडे काढतील, गाडी रिकामी. मग जी बंद होईल ती कायमची, कारण आता 'लोकांनाच नको आहे' याचा पुरावा हातात असेल. आज निदान तसा पुरावा कुणाकडे नाही.

म्हणून मी काकांना सांगितलं, हार्बर मागू नका, वास्को मागा. वास्को ते कुळे सकाळी तासाला एक, संध्याकाळी तासाला एक, आणि तीही आखूड. सहा-आठ डब्यांची, दोन्ही बाजूंना चालकाची केबिन असलेली मेमू, म्हणजे टोकाला इंजिन फिरवत बसायला नको आणि प्रत्येक थांब्यावरून पटकन वेग घेते. दाबोळी, कासावली, माजोर्डा, सुरावली इथे ती थांबली पाहिजे. छोट्या थांब्याला स्टेशनमास्तर लागत नाही, कमिशनवर तिकीट विकणारा एजंट पुरतो, देशात असे हॉल्ट जागोजागी आहेत. पाहिजेत त्या गाड्या, आणि त्यांची वेळ. आणि प्रत्येक गाडीला जोडून सड्याची एक बस, जी गाडी आल्याशिवाय हलणार नाही. वर्षभर ती बस भरून गेली, तर मीच हार्बरचा अर्ज लिहीन आणि स्वतः दारोदार फिरेन.

"बस आज पण आसा," काका म्हणाले. "ती गाडीची वाट बघते?"

नाही बघत. खासगी मिनीबसवाल्याचं पोट फेऱ्यांवर. तो का थांबेल? म्हणूनच ते मागायला हवं ना. कदंबची एक बस या कामाला लावा, तिकीट एकच चालवा.

"आणि बसच्या अर्जार सह्यो कोण करतलो?" त्यांनी विचारलं. "रेल्वे म्हटलं की लोक पेन काढतात. बस म्हटलं की, बघूया, फाल्यां."

याला माझ्याकडे तोड नव्हती. खरंच आहे ते. स्थानकाचं नाव घेतलं की सड्यावरच्या म्हाताऱ्यांचे डोळे लकाकतात. कुणाचे वडील तिथे हमाल होते, कुणी तिथून पहिल्यांदा मुंबईला गेलं. जोडबसच्या वेळापत्रकासाठी कुणाचा ऊर भरून येत नाही. पण सह्या तर त्याच लोकांच्या लागणार.

तेव्हा आता आम्ही दोघांनी मिळून तोच अर्ज पुन्हा लिहायला घेतलाय. त्यात दुहेरीकरण नको, हे वाक्य मी आधी घातलं. काकांनी ते एकदा खोडलं, मी परत लिहिलं. शेवटी "आहे त्याच रुळांवर, गर्दीच्या वेळी मालगाड्या थांबवून" असा शब्दप्रयोग दोघांना चालला. हार्बर अर्जात राहिलंय, पण कितव्या क्रमांकावर, यावर अजून तोडगा नाही. ते म्हणतात, पहिल्या ओळीत हार्बर नसेल तर लोक दुसरी ओळ वाचणारच नाहीत. मी म्हणते, पहिली मागणी मडगावहून संध्याकाळी साडेसातला सुटणाऱ्या लोकलची. दुकानांत, दवाखान्यांत कामाला असलेल्या बायका तेव्हाच सुटतात, आणि शटलच्या रांगेत सगळ्यात मागे त्याच असतात. उद्या संध्याकाळी काका पुन्हा येणार आहेत, सोबत बोगद्याच्या दोघांना घेऊन. चहा जास्त टाकावा लागेल.